डोहात होड्या निजवणारे मिस्तरी

मिस्तरीची गोष्ट सांगायचं काम आमच्या घरात माझ्या बायकोचं होतं. पाव्हणा आला, जेवणं झाली, की ती भिंतीला टेकून सुरू करायची आन् मी सुपारी कातरत नुसता हुं हुं म्हणायचो. मधी चुकली तरी बोलायचो न्हाई. चुकली म्हणावं तर भांडण, आन् पाव्हण्यादेखत भांडायला तिला लई आवडायचं. आता ती गेली. चार महिने झाले. नातसून म्हणाली, आबा, आजी सांगायच्या ती होडीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट तुम्ही तरी सांगा. मला तिच्यासारखं तोंडानं सांगता येत न्हाई. लिहावं तर शाळा दोनच यत्ता, त्याबी निम्म्या म्हशीमागं गेल्या. तरी लिहून राह्यलो. शब्द वाकडा पडला तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावा.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतेत. तवा निजामाचं राज्य होतं, पूल न्हवता, पलीकडं जायचं तर घाटावरनं होडीनं जायचं. घाटाला होड्या तीन. त्यातली एक माझी, बापानं मागं ठेवलेली. लहान होती, पण शिडाची होती. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं लागलं की वल्हं न मारता ह्या थडीवरनं त्या थडीला जायची. पाण्याचा आवाज तेवढा व्हायचा. बसलेल्या बायाबी बोलायच्या थांबायच्या.

मिस्तरी गावातल्याच सुताराच्या घरातले. धाकटा भाऊ नांगर, तिफणी, गाड्या करायचा. पेरणीच्या तोंडाला त्याच्या दारात माणूस मावायचा न्हाई. मिस्तरी मात्र फक्त होड्या दुरुस्त करायचे. होड्या तीन, त्याबी रोज मोडत न्हाईत. चैतात गंगेला गुडघाभर पाणी राह्यतं आन् ह्या माणसाला होड्यांचा धंदा सुचला, असं लोक तोंडावर बोलायचे. भाऊ हात जोडायचा, "दादा, वर्षाकाठी एखादी तिफण तरी कर." मिस्तरी म्हणायचे, "तिफण मातीत जाती. मातीत गेलेल्या लाकडाचं आन् माझं बोलणं होत न्हाई." भाऊ कपाळाला हात लावायचा आन् आत जाऊन त्यांचं ताट वाढायचा.

उंच, वाळलेला माणूस. फळीची धार बघून बघून एक डोळा कायमचा बारीक झालेला. डोक्याला पागोटं, आन् पागोट्यात खोचलेला तांब्याच्या तारेचा हातभर तुकडा. ह्या तारेचं पुढं सांगतो.

होडी कामाला घेतली की पहिल्या दिवशी ते तिला हत्यार लावायचे न्हाईत. वाळूवर ओढलेल्या होडीत आडवे व्हायचे, पागोटं तोंडावर घ्यायचे आन् दिवस कलेपर्यंत पडून राह्यचे. घाटावर येणारा जाणारा म्हणायचा, "मिस्तरीचं काम जोरात चालू हाये." एकदा तालुक्याचा कोण साहेब आल्ता, त्याला पलीकडं जायचं होतं. शिपाई मिस्तरीच्या अंगावर ओरडला, "ए बुढ्ढे, उठ! क्या कर रहा है?" मिस्तरीनं पागोटं न उचलता सांगितलं, "काम कर रहा हूं, आवाज मत करो." साहेबाला हसू आलं म्हणून निभावलं. तो दुसऱ्या होडीतनं गेला.

साहेब गेल्यावर मी इचारलं, "मिस्तरी, खरं सांगा, आत पडून काय करता?"

"लाकूड ऊन धरतं आन् सोडतं. सोडताना टिचकी वाजवतं. कुठं वाजवतं ते ऐकून राह्यलो."

मी त्यांच्याशेजारी आडवा झालो. मला माझ्या पोटाचा आवाज ऐकू आला. पण मंग वारं पडलं, वाळू तापली, वर घार फिरून राह्यली होती, आन् मला असं वाटायला लागलं की होडी जमिनीवर न्हाईच, वरच कुठं तरी चालली. किती वेळ गेला कळलं न्हाई. उठलो तर मिस्तरी बोलले, "टिचकी ऐकली का?" मी म्हणालो, न्हाई. म्हणाले, "झोपला असशील. झोपलं तरी चालतं. कान जागा पाहिजे."

आता तार. होडीच्या पोटात बरगड्या असतेत, माणसाला असतेत तशा वाकड्या. बरगडी मोडली तर मिस्तरी लाकूड वाकवून घालायचे न्हाईत. वाकवलेलं लाकूड मनात राग धरतं म्हणायचे. ते मोडक्या बरगडीवर तार दाबून तिचा वाक घ्यायचे आन् तसल्याच वाकाची फांदी हुडकत रानोमाळ हिंडायचे. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून वर तोंड करून एक डोळा मिटून बघत राह्यचे. खुरपणाऱ्या बाया ढेकळं मारायच्या. एक म्हणाली होती, "ए म्हाताऱ्या, वर काय बघतो? अंडी घालायची का?" मिस्तरी तिला शांतपणे म्हणाले, "बाई, तुझ्या बाभळीला लई चांगला कोपर हाये, तिला जप." वर्षातनं एकदा ते राजूरच्या गणपतीला पायी जायचे. लोकांना वाटायचं भक्ती. मी एकदा संगं गेल्तो. देवळात घटकाभर, आन् येताजाता चार दिवस झाडं. रस्त्यातल्या निम्म्या झाडांना ते ओळखत होते. "हिच्या खालच्या फांदीला अजून दोन साल लागतील," असं म्हणत जायचे, जसं कुणी कुणाच्या पोरीबद्दल बोलावं.

पंगतीत बसले तर समोरच्याच्या मांडीवर तार ठेवायचे. गुडघ्याचा वाक चांगला दिसला म्हणून. त्यामुळं लग्नाच्या पंगतीत त्यांच्या समोर कुणी बसायचं न्हाई.

ते गेले तेबी असेच. पुढं सांगतो त्या गोष्टीनंतर बरीच सालं झाली होती, मला दोन पोरं झाली होती. हिवाळा सरत आल्ता. वाळूवर दुसऱ्या एकाची होडी होती, तिच्यात पागोटं तोंडावर घेऊन पडले होते. येणारा जाणारा नेमासारखं बोलून गेला. दिवस कलला तरी उठले न्हाईत, तवा भाऊ हाक मारायला आला. कुणाला पस्तावा करायलाबी जागा न्हवती. रोज तसेच तर पडायचे. आमची ही तवा म्हणाली, "झोपेत असंल तर बरं झालं. आन् ऐकत असतील तर आणखीच बरं."

पण मला सांगायचं ते त्याच्या आधीचं हाये, माझ्या लग्नाच्या सालचं.

मिस्तरीचा एक नेम होता. उन्हाळा लागला, गंगा गुडघाभर झाली, माणसं पायीच पलीकडं जायला लागली, की ते तिन्ही होड्या खडकाखालच्या डोहात न्यायचे, आत दगड भरायचे आन् बुडवायचे. बिलकुल तळाला. पहिल्या पावसापर्यंत होड्या पाण्याखाली. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, चिरा पडतेत, पाण्यात राह्यलं की भरलेलं राह्यतं, एवढंच त्याच्यात होतं. पण मिस्तरी बुडवणं म्हणायचे न्हाईत. निजवणं म्हणायचे. "झाड म्हंजी उभं राह्यलेलं पाणीच हाये," म्हणायचे. "उन्हाळ्यात त्याला आडवं होऊ द्यावं." दुपारचं खडकावर बसून खाली बघत राह्यचे. मीबी बघायचो. पाणी काचेसारखं. खाली तीन होड्या वाळूवर निजलेल्या, त्यांच्या पोटातनं मासे ह्या बरगडीकडनं त्या बरगडीकडं जायचे. वरनं ढगाची सावली गेली की वाटायचं होड्या हलल्या.

त्या साली मी माझी होडी निजवू दिली न्हाई.

कारण असं, की पलीकडच्या थडीच्या एका गावातनं मला सोयरीक आल्ती. माझे आईबाप दोघंबी न्हवते, घर म्हंजी एक खोली, जमीन न्हाई. दाखवायला काय, तर होडी. आन् पोरीचा बाप चैतात बघायला येणार. मिस्तरी डोहाकडं निघाले तवा मी आडवा आलो.

"मिस्तरी, अवंदा माझी राहू द्या. पाव्हणं बघायला येऊन राह्यले."

"मंग डोहावर आण की पाव्हण्याला. खडकावर बसव, खाली दाखव."

"बुडलेली होडी दाखवू? पोरगी देईल का तो?"

"त्याला डोळे असतील तर देईल." एवढं बोलून ते दुसऱ्यांच्या दोन होड्या घेऊन गेले.

माझी होडी वाळूवर राह्यली, घासूनपुसून. पंधरा दिवसात उन्हानं तिचं तोंड उघडलं. डोलकाठीचं बूड ज्या जाड आडव्या लाकडाच्या खोबणीत बसतं, त्या लाकडाला खोबणीपासनं दोन्हीकडं चीर गेली. बोट घालावं एवढी. पाव्हणं दोन दिवसावर आल्ते. मिस्तरीकडं जायला तोंड न्हवतं. मी काय केलं, बाभळीची वाळलेली पाचर तासली, चिरीत घातली आन् हातोड्यानं ठोकून ठोकून गच्च बसवली. वरनं डांबर फासलं. काळं कुळकुळीत. पाचर कशाला असती हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक असतं. पाचर लाकूड फोडायला असती. पण लगीन करायचं असलं की माणसाला तेवढंबी सुचत न्हाई.

सासऱ्यानं होडी बघितली. तिच्या कडेवर थाप मारली, म्हणाला, "बराबर हाये." वैशाखात लगीन झालं.

आता तिच्याबद्दल काय लिहू. काळी होती, बोलायला फटकळ होती. पहिल्या आठवड्यातच मला म्हणाली, "तुम्ही जेवताना कुणी ताट ओढून नेणार हाये का? सावकाश खा." मला कुणी सावकाश खा म्हणणारं न्हवतंच कधी. मी सावकाश खायला लागलो.

पाऊस पडला, गंगा भरली, होडी पाण्यात गेली. चिरलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं, आन् त्याच्या पोटातली पाचरबी फुगली. दोघं एकमेकाला आतनं रेटत राह्यले, आन् वरनं डांबर असल्यामुळं कुणाला दिसलं न्हाई. श्रावणात पंचमीसाठी तिला माहेरी पोचवायला निघालो. नवी साडी, मांडीवर डब्यात माझ्यासमोरच केलेली पुरणाची दिंडं. वारं चांगलं होतं. मधल्या धारेत आलो आन् काड्कन आवाज झाला. चीर एकदम पळाली, टोकाला चार बोटं अखंड लाकूड राह्यलं. डोलकाठी शिडासकट खाली आली. काठी तिच्या खांद्याला लागली आन् ओलं शीड पुरं तिच्या अंगावर पडलं. खालची एक बरगडी मोडली, पाणी आत यायला लागलं. ती शिडाखाली ओरडून राह्यली होती आन् मला कापडाचं टोक सापडेना. ती पुढं सगळ्यांना सांगायची, "मला वाटलं मी मेले, आन् मेल्यावर असंच असतं, ओलं आन् अंधारं." दुसऱ्या होडीवाल्यानं दोर टाकला, ओढत आम्हाला पलीकडं लावलं.

हाड मोडलं न्हवतं. काठावर तिनं मला इचारलं, "कशानं झालं?"

मी म्हणालो, "वारं आलं."

पंचमी झाली. माझी मोडकी होडी दुसऱ्याच्या होडीला बांधून आमच्या घाटाला आणून टाकली होती, म्हणून आठ दिवसांनी तिला आणायला मी त्याच्याच होडीतनं गेलो. सासरे म्हणाले, "जावईबापू, पोरगी भेलीय. तिला ह्या होडीतनं घेऊन जावा, तुमच्या होडीचं पुढं बघू." ती दाराआड होती, तिथनंच बोलली.

"मी भेले न्हाई, बाबा. ह्यांची होडी रोज पाण्यात जाणार हाये. मी आज दुसऱ्याच्या होडीतनं गेले तरी उद्यापासनं काठावर उभं राहून ह्यांची वाट मलाच बघायची हाये. आधी ह्यांनी आपली होडी आणावी. मी बघीन. बसावं वाटलं तर बसीन."

"आन् न्हाई वाटलं तर?" मी इचारलं.

"तर तुम्ही आले तसे जावा."

सासरे तिच्यावर ओरडले. पण ती आत निघून गेल्ती. मला कळलं की ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट न्हाई.

परत आलो ते थेट मिस्तरीकडं. ते दुसऱ्या दिवशी होडीत पडून राह्यले. तिसऱ्या दिवशी डांबर खरवडलं, चिरीतनं पाचर काढली, हातात धरून फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "गच्च मारली होती हां. हात चांगला हाये तुझा." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच दुपारी त्यांनी ती पाचर जाळून तिच्यावर मक्याचं कणीस भाजलं आन् अर्धं मला दिलं.

मला जल्दी होती. त्यांना न्हवती. तारेवर मोडक्या बरगडीचा वाक घेतला आन् हिंडायला लागले. त्यांचा भाऊ म्हणाला, माझ्या दारात मोडका नांगर पडलाय, त्याचं खोड बराबर त्या वाकाचं हाये, घ्या. मिस्तरीनं तार लावून बघितली. वाक एकदम जुळला. तरी मान हलवली. "ह्याला जमिनीकडं जायची सवय हाये," म्हणाले. "पाण्यात घातलं तर होडीला खाली घेऊन जाईल." मी रडायचा राह्यलो होतो.

शेवटी त्यांना पाहिजे तसली फांदी मिळाली, ती गावातल्या शेठजीच्या मळ्यात. शेठजी मारवाडातनं आलेल्या जैन घरातले, तीन पिढ्या आमच्याच गावात. बाभळीखाली हा म्हातारा तीन दिवस वर बघत बसलेला ऐकून ते स्वतः छत्री घेऊन आले.

"मिस्तरी, माझ्या झाडाला नजर लावता का?"

"न्हाई शेठजी. ती चौथी फांदी मागायची हाये."

"चौमासा चालू हाये. हिरवं तोडायचं न्हाई माझ्या घरी. तुम्हाला ठाऊक हाये ना?"

"हाये की. म्हणून तर मागितली न्हाई, नुसता बसलोय."

"बसून काय होतंय?"

"तिची ओळख होतीय."

शेठजी हसले. मी मधी तोंड घातलं, "शेठजी, माझी बायको तिकडं राह्यलीय हो!" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसा मीच झाड तोडून राह्यलो. म्हणाले, "बायको तुमची हाये, झाडाचा काय गुन्हा? कार्तिकी पुनव झाली की न्या. एकच फांदी. आन् कापल्या जागी शेण लावायचं, मी बघायला येणार." मिस्तरीला हे सगळं बिलकुल ठीक वाटलं. मला दिवाळी डोळ्यापुढं दिसली, एकट्याची.

तशीच झाली. होडीच्या कामाचे दिवस मिस्तरीचं जेवण होडीवाल्याकडं असायचं. दुसरी कुठली मजुरी ते घ्यायचे न्हाईत. मी भाकरी थापायचो. पहिल्या दिवशी त्यांनी भाकर हातात घेऊन एक डोळा मिटून तिची धार बघितली. म्हणाले, "भाकर न्हाई ही, फळी हाये. रंधा मारू का?" दिवाळीला त्यांच्या भावानं आम्हा दोघांनाबी घरी नेलं. जेवून आल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. मिस्तरी म्हणाले, "तिनं बघायचं म्हणलंय ना? मंग काळजी काय करतो. बघायला मागणारं माणूस येणारं असतं."

पुनवेनंतर फांदी काढली, शेण लावलं, शेठजी बघून गेले. फांदी आठ दिवस डोहात ठेवली, मंग तासून बरगडी केली. ती अशी बसली की जशी होडीतच उगवली. मोठं काम खोबणीच्या लाकडाचं. मला वाटलं होतं ते बदलतील. बदललं न्हाई. "बापाच्या वेळचं हाये, अजून बोलतं," म्हणाले. चीर जिथं थांबली होती तिथं पुढं गिरमिटानं बारीक भोक पाडलं, म्हणजे चिरीला पळायला वाट राहू नये. मंग वाळलेल्या धावड्याच्या टणक लाकडाचे तीन डमरू केले, महादेवाच्या डमरूसारखेच, मधी बारीक, दोन्हीकडं रुंद. चिरीच्या आडवे त्यांचे खड्डे पटाशीनं कोरले आन् डमरू बसवले. लाकूड ओलं, डमरू कोरडे. पाणी लागलं की डमरू फुगतेत आन् चिरीची दोन्ही तोंडं एकमेकाकडं ओढून धरतेत. चिरीच्या पोटात कठीण काही घातलं न्हाई. अंबाडीचा वाख, म्हंजी सालीचा धागा, राळेत आन् करडीच्या तेलात मळलेला, मऊच. राळ मी आष्टीच्या बाजारातनं पायी जाऊन आणली.

"तू तिला रेटलं होतं," मिस्तरी बोलले. "हे तिला धरतंय. फरक कळला का?"

मला कळला. पण माझं ध्यान दुसरीकडं होतं. एवढं सगळं झाल्यावरबी ती चीर लांबनं दिसत होती. जवळजवळ ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत, आन् वर तीन डमरू, जखमेला टाके घालावेत तसे. आन् पाचर ठोकलेल्या जागी लाकडाची तोंडं चेचलेली दिसत होती.

"मिस्तरी, वरनं डांबर फासून द्या."

"न्हाई."

"तिनं हे बघितलं तर बसायची न्हाई."

"मंग न बसू दे. ज्याला बसायचं त्यानं बघून बसावं. आपलं झाकायचं काम न्हाई."

मी मनात म्हणालो, तुम्ही नका फासू, मी फासतो. दुसऱ्या दिवशी डांबराचा डबा घेऊन घाटावर गेलो. पाहतो तर मिस्तरी होडीत आडवे, पाठ बराबर त्या लाकडाला टेकलेली, तोंडावर पागोटं.

"मिस्तरी, उठा."

"पहिला दिवस हाये."

"काम संपलं की तुमचं!"

"मंग शेवटचा दिवस हाये."

मी वाळूवर बसलो. हिवाळ्याचं ऊन होतं, मऊ. पाणी निवळलं होतं, पलीकडची थडी हात लावावा एवढी जवळ दिसत होती. टिटव्या फिरून राह्यल्या होत्या. म्हातारा पडून, मी बसून, डबा मधी. डांबर घट्ट होत गेलं. मला मधीच डोळा लागला आन् सपान पडलं, की ती डोहाच्या तळाला होडीत बसलीय, केस विंचरतीय, आन् मी वर खडकावरनं हाक मारून राह्यलो पण पाण्यातनं आवाज जात न्हाई. जागा झालो तवा दिवस कलला होता. मिस्तरी उठून बसले, पागोटं बांधलं आन् म्हणाले, "काही वाजत न्हाई आता. उद्या जा."

सकाळी गेलो. वारं नीट होतं, मी शीड अर्धं उभारलं. पलीकडं ती घाटावर एकटीच आल्ती, कमरेवर घागर. जसं पाणी न्यायलाच आली. माझ्याशी बोलली न्हाई. घागर खाली ठेवली, पदर खोचला, होडीत चढली आन् त्या लाकडापुढं उकिडवी बसली. एकेका डमरूवर बोट फिरवलं. मंग चिरीवरनं बोट नेत नेत चेचलेल्या जागेवर थांबली.

"हितं काय झालंय? हितं आत काही ठोकलेलं होतं."

मी वरनं बघत उभा होतो. वारं असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"पाचर," मी म्हणालो. "मी ठोकली. तुझे बाबा बघायला येणार होते म्हणून. आन् वरनं डांबर लावलं."

"कवा?"

"लग्नाच्या आधी."

"आन् मला वारं आलं म्हणून सांगितलं."

"हो."

तिनं चेचलेल्या जागेवरनं बोट काढलं. पाणी होडीला खालनं चापट्या मारून राह्यलं होतं. मंग उठली, खाली उतरली, घागर उचलली आन् चढणीला लागली. मागं बघितलं न्हाई. मी शिडाचा दोर हातात धरून उभा. मला वाटलं, झालं, आपलं एवढंच होतं. दोर सोडायचा का बांधायचा तेबी सुचेना. घाटावरच्या बाया माझ्याकडं बघून राह्यल्या होत्या. किती वेळ गेला सांगता येत न्हाई. मिस्तरीला सांगता आला असता.

ती परत आली तवा कमरेवर घागर न्हवती, डोक्यावर बोचकं होतं. मागनं सासरे पळत येऊन राह्यले होते, "अगं, जेवून तरी जा!" ती होडीत येऊन बसली, त्या लाकडासमोरच, आन् म्हणाली, "शीड पुरं उभारा."

उभारलं. लाकूड जरासं करकरलं, तिनं त्याच्यावर हात ठेवला. मंग गप झालं. धारेच्या मधी आल्यावर, जिथं मागच्या बारीला मोडलं होतं तिथंच, ती माझ्याकडं न बघता बोलली.

"आता मला इचारल्याबिगर हातोडा उचलायचा न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

न्हाई उचलला. पोरंबाळं झाली, वर धरण झालं, होडी गेली, पूल आला, घर बांधलं. भिंतीला एक खिळा मारायचा तरी मी हातोडा घेऊन आधी तिच्याकडं जायचो. लोक हसायचे. ती कधी म्हणायची मारा, कधी म्हणायची राहू द्या.

महिना झाला, दाराचं बिजागर सुटलंय. पोरगा म्हणतो, आबा, दोन खिळ्यांचं काम हाये. हातोडा तिथंच कोनाड्यात हाये. मी दार जरा उचलून ओढून घेतो, तसं लागतं.